डब्यातला बांगडा आणि मसाल्याचा भात

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तिकडे ग्लासगोत घरात खायला काहीच नव्हतं म्हणून ब्रेडला जॅम लावून झोपलो, असं तू सांगितलंस. मग कपाटात काय आहे ते वाचून दाखव म्हटलं, तर यादी निघाली ती अशी: बासमती तांदूळ, कांदे, लसूण, घरचा मसाला, आमसुलं, टोमॅटोचा टिन आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाने घर सोडताना देऊन टाकलेले बांगड्याचे आणि तारलीचे डबे. अरे, याला काहीच नाही म्हणतात? यात चार माणसं जेवून उठतील. त्या डब्यांचं करायचं काय, एवढंच तुला माहीत नाही. फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, बाकी विसरलास तरी चालेल. डब्यातला मासा शिजलेला असतो. मासा साफ करून डब्यात भरतात, वर तेल नाहीतर सॉस ओततात, झाकण हवाबंद करतात आणि मग तो बंद डबाच वाफेच्या दाबाखाली साधारण ११५ ते १२० अंशांवर शिजवतात. म्हणून तर त्यातला काटा बोटाने दाबला तरी चुरतो. तो काटा काढत बसू नकोस, खाऊन टाक, कॅल्शियम त्यातच आहे. आता असा मासा तू ताज्या बांगड्यासारखा हळद-तिखट चोळून तव्यावर टाकलास किंवा मसाल्यात दहा मिनिटं ढवळलास, तर त्याचा भुगा होणार आणि वास सगळ्या मजल्यावर फिरणार. चव भातात आणायची आणि मासा शेवटी वर ठेवायचा. तुझं काम इतकंच.

ही डब्याची युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये निकोला अपेरने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, उकळून टिकवायची रीत १८१० साली छापून जाहीर केली. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्यासाठी पेटंट घेतलं. गंमत म्हणजे डबा उघडायचं हत्यार निघायला त्यानंतर काही दशकं गेली. तोवर खलाशी आणि शिपाई छिन्नी-हातोडीने डबे फोडायचे. तुझ्या डब्याला ओढायची कडी आहे, तेव्हा कंटाळा आला म्हणू नकोस.

बोटीवर चीफ कुक असताना टिनची खरी किंमत मला कळली ती खराब हवेत. फ्रोझन मासा स्टोअरमध्ये असायचाच, पण बोट रोलिंग करायला लागली की तळण बंद. उकळत्या तेलाची कढई तशा वेळी शेगडीवर ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. पातेलं हलू नये म्हणून शेगडीला आडवे-उभे दांडे लावायचे, त्यात ते अडकवायचं, तेही अर्धंच भरायचं, आणि एका भांड्यात होईल तेवढंच रांधायचं. म्हणजे भात. आमच्याबरोबर फिलिपिनो मुलं असायची. ती घरीसुद्धा टोमॅटो सॉसमधल्या तारल्या खातात, लसूण-कांदा परतायचा, त्यावर डबा उलटा करायचा, एक उकळी आली की भातावर. त्यांना टिनचा मासा कमी प्रतीचा वगैरे काही वाटत नाही. तो आपल्याकडचा तोरा आहे. बंदराजवळ राहणाऱ्यांनी तो मिरवावा, ग्लासगोत नोव्हेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो तिथे राहणाऱ्याने नाही.

आता डबे. तुझ्याकडे तीन तऱ्हेचे असतील, वर लिहिलेलं वाचून घे. तेलातला असेल तर ते तेल फेकू नकोस. सूर्यफुलाचं असेल तर त्यातच फोडणी कर, ऑलिव्हचं असेल तर चमचाभर शेवटी भातावर घाल. मिठाच्या पाण्यातला असेल तर पाणी ओतून दे आणि भातात मीठ हात आखडून घाल. टोमॅटो सॉसमधला असेल तर सॉस आधी फोडणीत जाईल, मासा बाजूला राहील. या भाताला मला हाच सगळ्यात आवडतो. तिकडचा बांगडा आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊबंद, जरा जास्त चरबीचा. आंबट आणि तिखट त्याला मानवतं.

ट्यूनाचे डबे स्वस्त म्हणून ढीगभर आणू नकोस. तो कोरडा असतो आणि भातात गेला की आणखी कोरडा लागतो. शिवाय तुमच्याकडची सरकारी आरोग्यसेवाच सांगते की ट्यूना तेलकट माशांत धरायचा नाही. बांगडा, तारली, हेरिंग हे धरायचे.

करायला घेताना आधी वाटीभर तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजत घाल. तुझं रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचा डबा एवढ्यात होईल. चार आमसुलं अर्ध्या वाटी गरम पाण्यात टाकून ठेव. तांदूळ भिजतोय तोवर कांदा चीर. मोठा एक, उभा, पातळ. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापव, त्यात मोहरी, थोडे जिरे, ठेचलेल्या लसणीच्या पाच-सहा पाकळ्या आणि मग कांदा. इथे घाई करायची नाही. बाकी सगळं पटापट होतं, वेळ जातो तो कांद्याला. गुलाबी झाला म्हणून थांबू नकोस, कडा तपकिरी व्हायला हव्यात, कारण या भातात ना खोबऱ्याचं वाटण आहे ना ताज्या माशाचा रस्सा. गोडी आणि रंग कांद्यातूनच येणार.

कांदा झाला की आच कमी कर. हळद पाव चमचा, मसाला दीड चमचा आणि लगेच दोन चमचे पाणी, म्हणजे मसाला जळणार नाही. तुझ्या त्या फ्लॅटमधल्या धुराच्या अलार्मला लाल मिरचीचा खाट सहन होत नाही हे आपण सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर ऐकलंय. खिडकी उघडी ठेव. गरम मसाला वरून घालायचा नाही. आपल्या मसाल्यात धणे, बडीशेप, दगडफूल, लवंग, दालचिनी सगळं आहे, त्यावर आणखी काही घालणं म्हणजे तुझ्या आईचा वर्षभराचा खटाटोप वाया घालवणं.

मग टोमॅटो. टिनमधला असेल तर तीन-चार चमचे, मासा सॉसमधला असेल तर तो सॉस आणि वेगळा टोमॅटो नको. तेल कडेने सुटेपर्यंत परत. निथळलेला तांदूळ घाल, हलक्या हाताने दोन मिनिटं परत, कणी मोडू देऊ नकोस. आमसुलाचं पाणी आमसुलांसकट घाल, वर सव्वा वाटी उकळतं पाणी, मीठ. सॉस बराच पडला असेल तर पाणी दोन-तीन चमचे कमी. उकळी फुटली की आच अगदी मंद करून घट्ट झाकण ठेव आणि दहा-बारा मिनिटं त्याच्याकडे बघू नकोस. झाकण काढून ढवळायची तुझी सवय मॅगीपुरती ठेव.

पाणी आटलं, भातावर भोकं दिसायला लागली, की शेगडी बंद कर. आता डब्यातल्या माशाचे मोठे तुकडे भातावर अलगद मांड, त्यावर मिरचीचे उभे काप आणि कोथिंबीर, परत झाकण, परत दहा मिनिटं. वाफेवर मासा गरम होतो, त्याचं तेल खाली भातात उतरतं, तुकडा मोडत नाही. वाढताना उलथनं कडेने खाली घालून भात उचल. ढवळून एकजीव केलास तर चवीला चालेल, पण खाताना एका घासाला मासा आणि एका घासाला नुसता भात, ही मजा जाईल.

बरोबर लिंबू पिळलेला कच्चा कांदा आणि मायक्रोवेव्हमध्ये भाजलेला उडदाचा पापड. नारळाच्या दुधाचा टिन असेल तर आमसुलाचं दाट पाणी, लसूण, मीठ घालून सोलकढी होते. ताज्या नारळाची सर नाही, पण थंडगार केली तर कळत नाही पटकन.

तिरफळांची छोटी पुडी आईने बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती, ती सापडली का? बांगडा आणि तारलीला तिरफळ पाहिजेच. आतली काळी बी काढून टाक, नुसती सालं घे, चार-पाच ठेचून आमसुलाच्या पाण्याबरोबर घाल. टिनला जो एक पत्र्याचा उग्रपणा असतो तो तिरफळाखाली दबतो. दुसऱ्या माशांना मात्र लावू नकोस, आणि जास्त घालू नकोस, जीभ बधिर होईल.

तुझ्या आईला हे सगळं म्हणजे पोरखेळ वाटतो. हर्णैच्या लिलावात कल्ला उघडून लाल दिसल्याशिवाय पाटीला हात न लावणारी बाई ती. मी तिला म्हटलं, तुझी सोड्याची खिचडी म्हणजे तरी काय? आगोट भरायची म्हणून मे महिन्यात सोडे, सुकट, बोंबील, कोकम, मीठ, कुळीथ घरात घ्यायचे, कारण पुढे पाऊस लागणार आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग मुसळधार पावसात एके दिवशी कपाटातल्याच जिनसांवर खिचडी. तोही टिकवलेलाच मासा आणि मसाल्याचा भात. ती म्हणाली, सोडे म्हणजे सोडे. पुढे बोललो नाही. तुझ्या कामाचा फरक मात्र आहे: सोडे वाळवलेले असतात, भिजवून आधी कांद्यावर परतावे लागतात, भाताबरोबर शिजताना त्यांचा वास सगळीकडे उतरतो. टिन शेवटी. सोडे घालायच्या वेळी टिन घातलास तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

तू फ्लॅटमधल्या स्कॉटिश मुलांना वास आवडणार नाही म्हणून कचरतोस. त्यांच्याकडे केजरी म्हणून भात करतात, धुरी दिलेला हॅडक मासा, करी पावडर आणि वर उकडलेली अंडी. आपल्याकडची खिचडी साहेब घेऊन गेला आणि तिकडे जाऊन तिला मासा लावून न्याहारीला बसला. तेव्हा एकदा पानात वाढून बघ. फार तर आमसुलं चघळू नका म्हणून सांग.

आता जपायच्या गोष्टी, या हसण्यावारी नेऊ नकोस. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर खोल पोचा आलेला डबा उघडायचाच नाही, वास घेऊन बघायचंही नाही, सरळ फेकून द्यायचा. त्यातलं विष वासावरून कळत नाही. उघडलेल्या डब्यातला उरलेला मासा काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या डब्यात काढून लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपव. शिळा बांगडा खाऊन अंगावर गांधी उठलेली माणसं तू गावाला पाहिली आहेस. मासा थंड ठेवला नाही की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. बाहेर थंडी आहे म्हणून स्वयंपाकघरही थंड असतं असं धरू नकोस, तुमचं हीटिंग चालू असतं.

भाताचंही तसंच. इथे आपण रात्रीचा भात झाकून ठेवतो आणि सकाळी फोडणी देतो, पण ती सवय तिकडे नेऊ नकोस, आणि खरं तर इथेही सोडायला हवी. शिजलेल्या भातात काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात, भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, ते पुन्हा गरम करून मरत नाही. तासाभरात पसरून गार कर, फ्रिजमध्ये टाक, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून खा. तिसऱ्या दिवशी ठेवू नकोस.

आणि कपाटाचा एक कप्पा आगोटीसाठी राखून ठेव. तांदूळ, मसूर, टोमॅटोचे दोन टिन, नारळाच्या दुधाचा एक, बांगडा-तारलीचे तीन-चार, लसूण, कांदे. एक डबा वापरलास की पुढच्या बाजारात एक आण, ऑफर लागली म्हणून बारा उचलू नकोस. परीक्षेच्या आठवड्यात बाहेरून मागवायला जेवढे पैसे घालवतोस त्यात हा कप्पा दोनदा भरेल.

रिकामा डबा धुवायच्या आधी कागदाने आतलं तेल पुसून घे, ते सिंकमध्ये ओतलंस तर नळीत जाऊन बसेल. मग साबण लावून गरम पाण्याने धू आणि रिसायकलिंगमध्ये टाक, नाहीतर दुसऱ्या दिवशी कचऱ्याची बादली कोणाची यावरून भांडणं होतील. झाकणाची कड ब्लेडइतकी धारेची असते, ती डब्याच्या आत दाबून टाक, सिंकमध्ये भांड्यांखाली सोडू नकोस.

रविवारी फोन कर. तिकडे दुपार असेल तेव्हा कर, आम्ही हल्ली लवकर झोपतो.

तुझे,
बाबा