कणगी पाठवतोय, धुऊ नको

बाय,

आज रात्रीच्या बसला पार्सल टाकतोय, सकाळी स्वारगेटला उतरवून घे, जड आहे, सहा किलो तरी असेल, तेव्हा उगाच स्कूटरवर लटकवू नको, रिक्षा कर. उघडल्यावर वाटेल बाबांनी माती पाठवली. माती नाही, काटेकणगी आहेत, जमिनीतले कंद. फोनवर सांगायला लागलो की तुझी मीटिंग सुरू होते म्हणून बसून टाइप करतोय, चुका झाल्या तर चालवून घे.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. पोराला सिलियाक, म्हणजे गव्हाचं आतड्याला वावडं, निघाला तेव्हा मी आपला म्हणत होतो की थोडासा पाव खाल्ला तर काय होतं, पोदेराच्या, सायकलवरच्या पाववाल्याच्या, पावावर अख्खा गोवा वाढला. होतं, हे मला आता कळलं. गहू, जव, रवा, मैदा, शेवया सगळं बंद आणि तेही जन्मभर, ह्याला गोळी नाही, न खाणं हेच औषध. दिवाळीत सकाळी पोदेराचा पों पों ऐकला की पोर फाटकाकडे धावायचं आणि मग मधेच थांबायचं, ते मला बघवलं नाही. मी त्या पोदेराला सांगितलंय आमच्या घरासमोर भोंपू वाजवू नको, तो बिचारा आता नुसता हात करून जातो.

तर मुद्दा असा की त्याची चपाती गेली, भात त्याला चिकट लागतो, भाकरी खरखरीत, इडली ओली, आणि उरला काय तर बटाटा. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, रात्री बटाट्याच्या काचऱ्या. बटाटा वाईट नाही ग, पण पोराचं अख्खं पोट एकाच भाजीवर टेकलंय, उद्या तिच्यावरनं मन उडालं तर काय देणार तू त्याला. आणि तसं झालंच ना, माझ्यामुळे. तुला त्या वेळी सांगितलं नव्हतं, आता सांगतो. तू पणजीला गेलेलीस त्या दिवशी मी शहाणपणा करून बटाट्याच्या भाजीत माडी, अळूचा कंद, उकडून मिसळली, बारीक चिरून, दिसायला सारखीच. त्याने एक घास घेतला, जिभेने बाहेर काढला, ताटाकडे असं बघितलं की मी त्याच्या खिशातनं पैसे चोरलेत. मग पुढचे दोन दिवस त्याने बटाटाही खाल्ला नाही, फक्त दूध आणि केळी. तू म्हणत होतीस ह्याला काय झालंय, आणि मी गप्प. लपवून घालायचं नाही बाय, हे मी शिकलो. अशा निवडून खाणाऱ्या पोरांना जी एक गोष्ट भरवशाची वाटते तिच्यावरचाच भरवसा गेला की मग काहीच उरत नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मागे अंगणात आंघोळीचं पाणी तापत होतं, मी माझ्यासाठी चार काटेकणगी निखाऱ्यात टाकलेली. काही बोललो नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम. तो काटकीने राख उकरत बसला, एक कणगं बाहेर ओढलं, फुंकलं, चटका बसला, परत फुंकलं. साल त्यानेच काढली, आत पांढरं स्वच्छ, पिठूळ, वाफ येतेय. मिठाची वाटी मी नुसती सरकवली. दीड खाल्लं त्याने. दीड! आई खिडकीतनं बघत होती, तिला मी डोळ्यांनी दटावलं की आता वाहवा करायला बाहेर येऊ नको.

म्हणून कालच्या शुक्रवारी म्हापशाला गेलो. बाजारात त्या बायका बसतात ना बुट्ट्या घेऊन, त्यांच्यातल्या एकीला सगळी कथा सांगितली, ती म्हणाली हीं कांटेकणगां व्हर, उकडून दी, भुरगें खातलें, म्हणजे घेऊन जा, पोर खाईल. वाट्यावर वाटा घातला आणि वर दोन रताळी फुकट. पुण्यात मागताना नावांचा घोळ होईल तुझा, आपण रताळ्यालाच कणगां म्हणतो आणि ही काटेकणगी वेगळी, घाटावर कोणी कणगर म्हणालं तर तीच समज. नाही मिळाली तर मला सांग, पाठवत जाईन, पण पाऊस संपून जमीन उकरली की ह्या दिवसांतच येतात, पुढे नाही.

आता कसं करायचं ते. माती तशीच राहू दे, धुतलीस की सडतात, टोपलीत उघडी ठेव, फ्रिजमध्ये नको. सालासकट उकड, गार झाल्यावर साल काढ, बोटाएवढे तुकडे कर, हुबेहूब त्याच्या फ्राईज कापतेस तसे, आणि तव्यावर खोबरेल तेलात लालसर कर. आकार ओळखीचा हवा पण नाव खरंच सांग, हे कणगं आहे म्हणून. ताटात बटाट्याच्या शेजारी दोनच तुकडे, मिसळायचे नाहीत, आणि खा म्हणायचं नाही. दहा-पंधरा वेळा नुसतं ताटात पडून परत जाईल. जाऊ दे, तू खाऊन टाक.

रताळ्याचं तसंच कर, पण त्याला गोड चालत नाही जेवणात, तेव्हा मिरपूड जास्त. त्याला एक गंमत सांग, बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला आणि तो मुळात रताळ्याचाच, त्यांच्याकडे अजून रताळ्याला गोड बटाटाच म्हणतात. म्हणजे खरा बटाटा हा आणि तो जो खातो तो मागनं आलेला. वाद घालायला आवडतं त्याला, घालू दे.

सुरणाची पाठवतोय एक फोड. हाताला तेल लावून चिर, आमसुलं घालून नीट उकड, कच्चट राहिला की घसा खाजतो, त्यात ऑक्झलेटच्या सुया असतात बारीक. माडीलाही तेच. एकदा पोराचा घसा खाजला की सुरण संपला कायमचा, तेव्हा ह्यात घाई नको, आधी तू खाऊन बघ. कच्च्या केळ्याची कापं मात्र आजच कर. फक्त आपली जुनी सवय, कापं म्हटलं की रवा, हात आपोआप रव्याच्या डब्याकडे जातो. रवा म्हणजे गहूच. तांदळाचं पीठ लाव, थोडी हळद, तिखट, मीठ, तितकीच कुरकुरीत होतात. नीरफणस आता नाही, पावसात आपल्या मागच्या झाडाला लागले की पाठवीन, तो मला वाटतं त्याला सगळ्यात आवडेल, भाजला की पावासारखा वास येतो त्याला. आणि पोटही भरतं, शंभर ग्रॅम बटाट्यात कर्बोदकं साधारण 17 ग्रॅम तर नीरफणसात 27, हे मी बघून ठेवलंय, पोर वजनाने उतरलंय म्हणून.

आणि हो, हिंग! हे तुला कोणी सांगितलं नसेल. डबीतलं हिंग शुद्ध नसतं, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आपल्या डबीवर चष्मा लावून वाचलं तेव्हा दिसलं. म्हणजे दिवाळीत आपण गव्हाच्या नावाने सगळं घर धुतलं आणि फोडणीत रोज चिमूटभर गहू घालत होतो. सोयासॉसमध्येही असतो. बाहेरच्या फ्राईज तर नकोच, त्याच तेलात समोसे तळतात.

खतखतं, म्हणजे ह्या सगळ्या कंदांची नारळ घातलेली मिसळ भाजी, त्याला देऊ नको, मिसळलेलं काही तो खाणार नाही, पण तुम्ही दोघं करून खा ग, तेफळं घातलीयत पार्सलमध्ये. फक्त सुरण कणगी उकडून झाली की नारळ घालायच्या आधी त्याचे दोन तुकडे बाजूला काढ. एकाच टोपात काम होतं.

एक राहिलं. परवा बाजारात करांदे दिसले, ते कडू कंद. घेतले नाहीत. तू सात वर्षांची होतीस, करांदे थुंकलेस म्हणून मी तुला ताटासमोर बसवून ठेवलं होतं, रात्रीचे दहा वाजले तरी, आईशी भांडलो पण उठू दिलं नाही, शेवटी तू ताटावरच झोपलीस. कडूच होते ते, राख घालून नीट उकडलेच नव्हते, दुसऱ्या दिवशी मी खाल्ले तेव्हा मला कळलं. तुला बोललो नाही तेव्हा. अजून तू करांद्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतेस आणि मी हसण्यावारी नेतो.

सोलायचा चाकू आणि पाट त्याचा वेगळा ठेव, पाव कापतेस तो नको. बस साडेसहाला पोचते म्हणतात पण घाटात अडकली तर आठ, तेव्हा निघायच्या आधी मला फोन कर.

बाबा