गिरणीवाल्या काकांना, न झाडलेल्या पिठाबद्दल

प्रिय काका,

सा. न.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला माहीत आहे. तुमच्या फोनला बटणं आहेत आणि चष्मा कायम वजनकाट्यामागे हरवलेला असतो. तुमचा नातू वाचून दाखवेल. त्याला एवढंच सांगा, गिरणी चालू असताना वाचू नकोस.

परवा आमची फिल्म वर्गात दाखवली. आठ मिनिटं चाळीस सेकंद. दिवे लागले आणि सरांनी आधी आमची शॉटची वही मागितली. एका शॉटची तारीख मंगळवारची, पुढच्याची बुधवारची. मग म्हणाले, "तो पिठातला हात दोन्ही दिवशी तोच कसा?" मी म्हटलं, "काकांनी झाडलं नाही." वर्ग हसला. मला मात्र पुढे काही बोलताच येईना, तशीच खाली बसले. तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितेय.

तुमच्याकडे आम्ही कसे पोचलो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. तुमचा नंबर पाचवा लागला. पहिला होता पेठेतलाच एक वाडा. त्याचे मालक आमच्या एका कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले होते आणि "तरुणांना वाव दिला पाहिजे" यावर पाऊण तास बोलले होते. आम्ही वाव मागायला गेलो तेव्हा आधी हो म्हणाले, "आपलंच घर समजा" असंही म्हणाले, आणि आदल्या रात्री साडेदहाला त्यांचा मेसेज आला की घरात अडचण आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वाड्याच्या चौकात कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट चाललं होतं. मग एक कॅफे, ताशी दोन हजार रुपये, कॉफी वेगळी. मग एक सोसायटी, तिथल्या सेक्रेटरींनी अर्ज तीनदा लिहून घेतला आणि तिसऱ्यांदा शुद्धलेखन तपासून नाही म्हणाले. मग दुसरी एक गिरणी. तिथल्या दादांनी विचारलं, किती व्ह्यूज येतात? आम्ही खरं सांगितलं. संपलं.

शिवाय माइक देतो म्हणालेल्या एका सीनिअरने फोन उचलणं बंद केलं, पण त्याचं नाव काढून तुमचं पत्र कशाला खराब करू.

मी मूळची कराडची. पुण्यात कॉट बेसिसवर राहते. शूटिंगला देण्यासारखं माझ्याकडे घर नाही, ओळख नाही, आणि त्या आठवड्यात तर रडायलाही जागा नव्हती, कारण खोलीत आम्ही चौघी. नारायण पेठेतल्या तुमच्या दुकानापाशी मी शूटिंगचं विचारायला आलेच नव्हते. पाऊस आला म्हणून पत्र्याखाली उभी राहिले होते. तुम्ही म्हणालात, "दळण कुठंय?" मी म्हटलं, दळण नाही, फिल्म आहे. तुम्ही मोटर बंद केलीत आणि विचारलंत, "प्रभातसारखी?"

तुम्हाला त्या शब्दाने काय काय आठवलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं. नंतर तुम्हीच सांगितलंत, अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजला वडील खांद्यावर बसवून न्यायचे ते. आम्हाला प्रभात फिल्म कंपनी म्हणजे परीक्षेतला प्रश्न: 1929 साली कोल्हापुरात सुरुवात, 1933 साली पुण्यात स्टुडिओ, आज लॉ कॉलेज रस्त्यावर त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट. सर एक गोष्ट मात्र परत परत सांगतात. बोलपट नवा होता तेव्हा तिथले विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रणाचं काम स्वतः बघायचे. चित्र चुकलं तर माणसं सांभाळून घेतात, आवाज चुकला की उठून जातात, हे सरांचं म्हणणं.

आणि आमची सगळी गोष्टच आवाजाची. आई आणि मुलगी चकलीची भाजणी दळायला आल्यात. मुलीला सांगायचंय की ती दिवाळीनंतर घर सोडून चाललीय. गिरणी बंद असते तेव्हा ती इकडचं-तिकडचं बोलते. गिरणी सुरू झाली की खरं बोलते, म्हणजे सांगितल्यासारखंही होतं आणि आईला ऐकूही जात नाही. कागदावर फार छान वाटत होतं. प्रत्यक्षात, चालू गिरणीत माइकला घरघरीशिवाय काही मिळत नाही. म्हणून पात्रं बोलतात तेव्हा गिरणी बंद ठेवायची, तिचा आवाज नंतर वेगळा घ्यायचा आणि दोन्ही एडिटिंगच्या टेबलावर जोडायचे. तेही आम्ही शिकलो होतो. पण बंद गिरणीत माणूस आपोआप हळू बोलतो. आमची मुलगी कुजबुजायला लागली, मागे गिरणीचा आवाज घातला असता तर वेडगळ दिसलं असतं. चार टेक वाया गेले.

पाचव्याला तुम्ही कॅमेऱ्यामागे येऊन उभे राहिलात, कानामागे हात धरलात आणि ओरडलात, "काय? ऐकू नाही आलं!" ती दचकली आणि बरोब्बर बोलली.

मग तुम्ही आमच्या संवादांची वही मागितलीत. मला वाटलं, झालं, आता गोष्ट बदलायला सांगणार. तुम्ही एवढंच म्हणालात: गिरणीत कुणी पूर्ण वाक्य बोलत नाही. "गहू. बारीक. संध्याकाळी नेते." बास. मी सहा ओळी खोडल्या. वर्गात लोकांना जो संवाद आवडला, "पुणं. नोकरी. रविवारी जाते," तो तुमचा आहे काका. श्रेयनामावलीत मी तसं लिहिणार होते, तुम्ही नाव घालू नको म्हणालात, म्हणून इथेही नाव लिहीत नाही.

तुमची गिरणी एक ते चार बंद. पुण्यातल्या दुपारच्या झोपेवर लोक विनोद करतात, मीही केलेत. त्या दोन दुपारी ती झोप तुम्ही आम्हाला दिलीत आणि स्वतः स्टुलावर बसून पेंगलात, आणि घोरणं माइकमध्ये येतंय म्हटल्यावर स्टूल घेऊन रस्त्यावर जाऊन बसलात. पण मला आभार मानायचेत ते झोपेचे नाहीत.

पहिल्या दिवशी शेवटचा शॉट होता. मुलगी बोलून मोकळी होते, आणि आई, जिने काहीच ऐकलेलं नाही असं आपण समजत असतो, डबे ठेवायच्या फळीवर हात टेकते. फळीवर दिवसभराचं पीठ बसलेलं. ती हात उचलते, ठसा राहतो. मुलगी तो बघते. आईचा शॉट मिळाला. मुलीचा, म्हणजे ठशावरून वर तिच्या चेहऱ्याकडे जाणारा, राहिला. कारण तुमच्या ट्यूबलाइटचे पट्टे कॅमेऱ्यात यायला लागले. (आपली वीज 50 हर्ट्झची, कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर आणलं की पट्टे जातात. हे पाठ होतं, आयत्या वेळी आठवायला पाऊण तास लागला.) तेवढ्यात चार वाजले. नवरात्र संपलेलं, बाहेर चकलीच्या भाजणीचे डबे घेऊन बायका उभ्या. आम्ही ठशाचे फोटो काढले आणि सामान आवरलं. मी तुम्हाला काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमतच नव्हती. एवढं दिल्यावर माणसाला "आता झाडूही नका" कसं सांगणार?

त्या रात्री मी खोलीवर मैदा आणि चहाची गाळणी घेऊन ठसा बनवायचा सराव केला. जमला नाही. खोटा हात लगेच कळतो.

दुसऱ्या दिवशी एकला आलो तर फळीच्या त्या कोपऱ्यात एक मोठी ॲल्युमिनियमची परात पालथी. तिच्यावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेलं: "हात लावू नये. हात आधीच लागलेला आहे."

तुम्ही दोन्ही हातांनी परात सरळ वर उचललीत, नैवेद्यावरचं झाकण उचलावं तशी. खाली ठसा होता. चार बोटं, अंगठा थोडा फाकलेला, करंगळीची रेघ अर्धवट, आणि मनगटापाशी दोन बांगड्यांच्या कडा, नखाएवढ्या. आदल्या दिवशी आमचं त्या कडांकडे लक्षही गेलं नव्हतं.

बाकीचं काकूंनी सांगितलं. चार ते आठ तुम्ही त्या फळीवर एकही डबा ठेवू दिला नाहीत. अठरा डबे पायरीवर ओळीने, आणि प्रत्येक बाईला "फळी आज बंद आहे" हे एकच उत्तर. रात्री काकू झाडू घेऊन आल्या तर तुम्ही दारात आडवे. पीठ रात्रभर राहिलं की किडे होतात, उंदीर येतात, चाळीस वर्षांत एक रात्र गिरणी झाडल्याशिवाय बंद झाली नव्हती. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नाचे फोटो एवढे सांभाळले नाहीत यांनी."

मी विचारलं, काका, तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला कंटिन्युइटी (वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या शॉटमध्ये सगळं जसंच्या तसं दिसणं) हा शब्द माहीत नव्हता. तुम्हाला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणालात, "पोरी, माझ्याकडे वीस जणींचे वीस डबे येतात. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, उपासाची भाजणी सगळ्यांच्या आधी. कुणाचं कुणात जायला नको, जसं आलं तसं परत गेलं पाहिजे. तुमचं दळण अर्धं झालं होतं, ते तसंच ठेवलं."

मोठ्या मनाची माणसं मी बरीच पाहिलीत, बहुतेक सगळी हार घातलेली. त्यांना आपण मदत करतोय हे आधी स्वतःला दिसावं लागतं, मग आपल्याला. तुम्ही मागितलेलं तर दिलंतच, पण जे मागायची आम्हाला लाज वाटत होती ते आमच्या डोळ्यांत बघून, आम्ही कोपऱ्यावर पोचायच्या आत परातीखाली झाकून ठेवलंत. त्या वाड्याच्या मालकांचा मला अजूनही राग येतो. पण परवा हिशेब केला, त्यांनी हो म्हटलं असतं तर फिल्म वाड्यात झाली असती, तुळशीवृंदावन वगैरे, आणि वाईट झाली असती.

तर काका, मनापासून आभार. आणि एक कबुली. बुधवारी मुलीच्या चेहऱ्यावर उजेड कमी पडत होता म्हणून आमच्या कॅमेरावाल्याने तुमची परात उन्हाला धरली होती. (फिल्ममध्ये तिच्या गालावर जो उजेड आहे, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, तो त्या परातीचा.) सामान आवरताना ती आमच्या बॅगेत आली. ही चोरी नाही, पण तीन आठवडे झाले, म्हणजे जवळजवळ आहेच. काकू शोधत असतील.

रविवारी घेऊन येते. आपण दळलेली ती भाजणी मी कराडला नेली होती आणि आईने तिच्या चकल्या केल्यात, तेव्हा परात रिकामी येणार नाही. दोन-चार मोडल्यात, एस.टी.त.

तुमची,
पाचव्या नंबरवाली