मागच्या बत्तीवरून सापडलेली आई

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडे स्मार्टफोन नाही आणि "माझं नाव कुठे छापू नकोस" असं तुम्ही दारापर्यंत येऊन बजावलंत. म्हणून हे पत्र बिननावाचं आणि उघड्यावर. नातू वाचून दाखवेल. (तुमच्या बिड्यांबद्दल यात काही लिहिलेलं नाही, काळजी नसावी.)

जुनी गाडी ओळखून घ्यायला मी लालबागला तुमच्याकडे आले, तेव्हा माझ्या फोनमध्ये एक फोटो होता. दादर टीटीजवळ (म्हणजे ट्राम टर्मिनसजवळ) नऊवारीतली आजी उभी, कडेवर कुंची घातलेलं तान्हं, मागे गाडी. आमच्या घरात या फोटोची गोष्ट पाठ होती: गाडी आजोबांच्या साहेबांची लँडमास्टर, साल १९५५, बाळ म्हणजे माझा बाळूमामा. अल्बममध्ये खाली तसं लिहिलेलंच आहे, "बाळूला घेऊन". आईचा मात्र लहानपणीचा एकही फोटो नाही. दुसरं मूल, तेही मुलगी, त्यात हात आखडता, कोण कशाला फोटो काढणार, असं आई स्वतःच सांगायची. हसत सांगायची, पण दर वेळी सांगायची.

मला फक्त गाडी पक्की करून घ्यायची होती. घरच्या जुन्या फोटोंची वही करत होते, तिथे गाडीचं नाव लिहायचं होतं, बस. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या गल्लीत तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने फोनकडे बघितलंही नाही. "जुनी गाडी ना? लालबागला जा, काकांना दाखव," म्हणून त्याने पत्ता सांगितला.

तुम्ही भिंग काढलंत, फोन लांब-जवळ केलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "गाडीची पाठ कुठाय?"

पाठ नव्हती. ज्या दुकानात मी फोटो स्कॅन करून घेतला, तिथल्या मुलाने कडा "साफ" करून दिल्या होत्या. आजी मध्यभागी आणली आणि उजवीकडची अर्धी बोटभर पट्टी कापून टाकली. मला तेव्हा ते छानच वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "अगं, माणूस ठेवला आणि पुरावा टाकला. मूळ फोटो घेऊन ये."

मूळ फोटो डोंबिवलीला, आईच्या आत्याच्या घरी ट्रंकेत होता. काळ्या कागदावर, चार कोपऱ्यांत चिकटवलेल्या त्रिकोणांत अडकवलेला, नागमोडी कडांचा. पुढच्या रविवारी मी तो पुठ्ठ्यात घालून आणला. तेव्हा तुम्ही खिडकीशी बसून जे केलंत, ते मला आयुष्यभर पुरेल. फोटो सरळ धरला नाहीत. तिरका केलात, उजेड त्याच्यावरून घसरू दिलात, आणि एकदाही पुढच्या जाळीकडे पाहिलं नाहीत.

"तोंडावर जाऊ नये," म्हणालात. "जाळी बदलतात, बंपर बदलतात, चाकाच्या वाट्या तर चोरीलाच जातात. पत्रा बघायचा." मग कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातल्या तीन बहिणींची गोष्ट सांगितलीत. डॉज किंग्जवे, प्लिमथ, डिसोटो डिप्लोमॅट. अंग एकच, मुखवटे तीन. लोक मुखवट्यावरून भांडतात आणि अंगाकडे बघतच नाहीत, म्हणून तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. फोटोत डावीकडे एका फियाटचा तुकडा आहे, तीही तुम्ही एका सेकंदात ओळखलीत. पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला, म्हणजे दार उलटं उघडणारं, म्हणजे लोक जिला "डुक्कर" फियाट म्हणायचे ती. मी आपली लहानपणापासून काळी-पिवळी पद्मिनी बघत आलेली. मला जुनी गाडी म्हणजे एक तर फियाट, नाही तर अ‍ॅम्बॅसॅडर, एवढंच ज्ञान. उलट्या दाराची फियाट असते हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं. साडी सांभाळत चढायला सोपं, पण चालत्या गाडीत दार सुटलं तर वारा ते पार उपटून काढायला बघतो, हेही.

मग उजवी कड. दुकानाने कापलेली तीच अर्धी बोटभर पट्टी.

भिंग माझ्या हातात दिलंत. मला दिसलं ते असं: मागचं मडगार्ड खाली उतरता उतरता शेवटी जरासं वर उचललं गेलेलं, जणू कुणी शेपूट ताठ केलीय, आणि त्या टोकाला उभी बत्ती. "लँडमास्टरची पाठ गोल उतरते," तुम्ही बोटाने हवेत रेघ काढलीत. "ही उचललेली शेपूट तिला नव्हती. लँडमास्टर म्हणजे दुसऱ्या मालिकेची विलायती मॉरिस ऑक्सफर्ड, ही तिसऱ्या मालिकेची. ही अ‍ॅम्बॅसॅडर आहे."

मी म्हटलं, बरं, मग अ‍ॅम्बॅसॅडर लिहिते. वही उघडलीसुद्धा. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "१९५७च्या आधी अ‍ॅम्बॅसॅडर आणणार कुठून? फोटो त्यातल्या सगळ्यात नव्या गाडीपेक्षा जुना असू शकत नाही. तुझा मामा कधीचा?"

१९५४च्या दिवाळीचा. म्हणजे अ‍ॅम्बॅसॅडर रस्त्यावर आली तेव्हा मामा तिच्यामागे पळण्याएवढा झाला होता. कडेवर कुंचीत बसण्याएवढा नव्हता. आणि आजीला मुलं दोनच. दुसरी माझी आई, डिसेंबर १९५९ची.

हे मी तुमच्यासमोर बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं. तुम्ही मध्ये बोलला नाहीत. नंतर म्हणालात, "चहा ठेवतो."

नंतर माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे कबूल करते. नंबर प्लेटचा भाग आजीच्या पदराआड आहे, फक्त एम आणि आर दिसतात. मी लगेच म्हटलं, एमआर म्हणजे १ मे १९६०नंतरची, महाराष्ट्र झाल्यावरची प्लेट! तुम्ही पदराकडे बोट दाखवलंत. "याच्या आड बी असला तर? बीएमआर. जुन्या मुंबई राज्यातली. न दिसणारं अक्षर वाचायचं नाही." मागून जाणाऱ्या ट्रामचा धूसर आकार मात्र तुम्ही मान्य केलात. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला गेली, तुम्ही त्या गर्दीत होतात. म्हणजे एका बाजूने अ‍ॅम्बॅसॅडर, दुसऱ्या बाजूने ट्राम, आणि मध्ये कुंचीतलं बाळ. "बाळू" हे आत्याने कितीतरी वर्षांनी, अल्बम लावताना लिहिलेलं. तिला विचारलं तर म्हणाली, "फोटो काढलाय म्हणजे बाळूचाच असणार, असं वाटलं." यावर मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत, फक्त भिंग पुसत बसलात.

पैशांचं नाव काढल्यावर तुम्ही रागावलात. खारीचा पुडा घेतलात, तोही "नातवासाठी" म्हणून. म्हणून हे पत्र.

आईला फोटो दाखवला. सगळं सांगितलं: शेपूट, बत्ती, १९५७. तिला गाड्यांमधलं काही कळत नाही, त्यामुळे तिने मला तीनदा विचारलं की हे नक्की ना. मग भिंग मागितलं. गाडीकडे नाही, कुंचीकडे बघत बसली. कुंचीला मण्यांची झालर आहे, ती आधी आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती. "ही झालर आईने स्वतः केलेली असणार," एवढंच म्हणाली आणि फोटो उशाशी ठेवून झोपली. अल्बममध्ये आता "बाळूला घेऊन"च्या खाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "नाही. मला घेऊन."

फक्त एक गोंधळ झालाय. बाळूमामाचा एकुलता एक तान्हेपणीचा फोटो तुम्ही काढून घेतलात, असं त्याचं म्हणणं आहे. त्याने घर उलथंपालथं करून आणखी एक फोटो शोधलाय. त्यातही बाळ आहे, त्यातही गाडी आहे. येत्या रविवारी तो घेऊन येतोय, मी नको म्हटलं तरी. गाडीचं फक्त मागचं चाक दिसतं.

तुमची,
लँडमास्टरवाली