ओल्या बुटांचे चार दिवस

मुलुंड,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझा फोन तीनदा येऊन गेला, मी उचलला नाही. रागावू नकोस. तू पहिला प्रश्न विचारणार, "कितवा आलास?" आणि त्याचं उत्तर एका ओळीत संपतं: दंड धरून शेवटून चौथे. बाकीचं जे सांगायचंय ते फोनवर जमत नाही, म्हणून पत्र.

चार दिवसांच्या या पावसाळी, जोडीने धावायच्या सायकल शर्यतीला नाव आपल्या दोघांचं दिलं होतं. तुझा गुडघा गेला आणि माझ्या जोडीला आला माझा मेहुणा. वय चोवीस, सायकल नवी, पाय घोड्याचे, तोंड अखंड चालू. जोडीचा नियम तुला आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून आठ दिवसांची केप एपिक होते ना, तिथलाच उचललेला: दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. प्रत्येक चेकपॉइंटला घड्याळ घेऊन माणूस उभा. आमच्याकडे अंतर जास्त पडलं की पंधरा मिनिटांचा दंड. तुझ्याबरोबर असतो तर हा नियम आहे हे कळलंही नसतं, कारण आपण दोघं सारखेच हळू.

ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल पकडली. मालडब्यात आमच्या दोन सायकली, परत निघालेले दुधाचे रिकामे कॅन आणि त्यांच्यावर डोकं टेकून झोपलेला एक माणूस. खर्डी गेलं आणि ढग थेट रुळावर उतरले. मेहुणा म्हणाला, "दाजी, येऊरला एवढा सराव केलाय, पावसाचं काय घेऊन बसलात?" मलाही तसंच वाटत होतं. पावसाची आपल्याला भीती ती काय! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्या दिवशी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपण एलबीएसवरून सायकली खांद्यावर टाकून चालत आलो. भांडुपला छातीभर पाण्यात तू विचारलेलं, "टायरात हवा आहे, मग ही तरंगत का नाही?"

पण तो एका दिवसाचा पाऊस होता. घरी आलो, आईने हळदीचं दूध दिलं, कपडे बदलले, संपलं. इथे बदलायचे कपडेच ओले होते.

पहिला दिवस घोटीहून बारीमार्गे शेंडी. मजा आली, खोटं कशाला सांगू. उजवीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई असणार होतं, आम्हाला तिचा पायथासुद्धा धड दिसला नाही. भाताच्या खाचरांच्या कडेने जाणारी बैलगाडीची वाट, दोन ओढे, खडकाळ उतार. टायरच्या हवेचा दाब मी एरवी ४० पीएसआय ठेवतो तो ३० वर आणला होता, ओल्या दगडावर बरी पकड आली. दुपारी दोनला पोहोचलो आणि मी मूर्खासारखा चहा पीत गप्पा मारत बसलो. तोवर अनुभवी जोड्या कामाला लागल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात कुणी चेन रॉकेलने पुसतंय, कुणी बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबतंय. नाशिकची एक जोडी, दोघी बहिणी, दर तासाला उठून बोळे बदलत होत्या. ओला बोळा बाहेर, सुका आत. त्यांनी घरून रद्दीचा गठ्ठाच आणला होता. मी एकदा कोंबले आणि झोपलो. सकाळी बुटात पाय घातला तेव्हा आतून पचकन आवाज आला, आणि तुला सांगतो, चार दिवसांतला सगळ्यात वाईट क्षण तोच. दरड नाही, उतार नाही. सकाळी सहाला थंडगार ओल्या बुटात कोरडा पाय घालणं.

दुसरा दिवस जलाशयाची प्रदक्षिणा. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी. खालचं भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलं, एवढं पाणी अडवलंय, पण आम्हाला ते ऐकूच येत होतं फक्त. धुकं असं की पुढच्याचं चाक दिसत नाही. मुंबईचा पाऊस कोसळतो आणि दमतो. घाटघरचा पाऊस पडतच नाही, तो हवेत राहायलाच आलेला असतो. तू त्यातून चालतोस.

आता ब्रेकचं ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. तू तीनदा बजावलं होतंस की रेझिनचे पॅड काढ, धातूचे सिंटर्ड टाक, चिखलात रेझिन टिकत नाही. मी म्हटलं, नवे कोरेच आहेत, चार दिवस जातील. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापाशी ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकायला लागला. थांबून केबल ताणली. साम्रदला पुन्हा ताणली. त्यापुढच्या उतारावर मागच्या डिस्कमधून जो आवाज आला तो तव्यावर उलथनं घासावं तसा. पॅड संपून पत्रा डिस्कवर आला होता. एका दिवसात! चिखलातली वाळू पॉलिश पेपरचं काम करते, हे मला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात जुन्या सायकलींवरून एक उतार शर्यतीने उतरायचे. मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर नवं भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. त्यांचं जळालं, माझं धुऊन गेलं. उरलेला उतार मी पुढच्या ब्रेकवर आणि उजव्या बुटाच्या तळव्यावर उतरलो. मेहुणा खाली वाट बघत उभा. तीन मिनिटं चाळीस सेकंद. दंड.

तो काही बोलला नाही. एवढा बडबड्या पोरगा गप्प बसला की जास्त लागतं.

तिसऱ्या दिवशी रंध्याच्या बाजूने राजूर आणि तिथून कोतूळ. त्याच्याकडून जादा पॅड घ्यावेत तर त्याचे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, माप वेगळं. शेवटी त्या बहिणींनी एक जुनी जोडी दिली, अर्धी झिजलेली. पण त्या दिवशी दैव माझ्या बाजूने होतं. त्याचे टायर २.४ इंची, मागे फ्रेममध्ये बोट जाईल एवढीही जागा नाही. चिकट मातीत दर शंभर मीटरवर त्याचं चाक जाम. आपली म्हातारी सायकल २६ इंची चाकांची, तिचे १.९५चे टायर चिखल झटकत चाललेले. मी पुढे, तो सायकल उचलून मागे. सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं.

आणि तिथेच तो प्रकार घडला. चिखल टाळायला म्हणून त्याने सायकल खाचराच्या बांधावर घातली. मीही मागोमाग. बांध कडेला हातभर फुटला आणि पाणी खालच्या खाचरात धो धो निघालं. भाताची आवणी चालू होती. वाकलेल्या पाच-सहा बायकांपैकी एक ताठ उभी राहिली आणि ओरडली, "आरं ए, माझं पाणी चाललं ना! रोपं उघडी पडत्याल!" मी माफी मागून पुढे निघायच्या बेतात होतो. घड्याळ डोक्यात. मेहुण्याने सायकल आडवी टाकली आणि गुडघाभर चिखलात उतरला. त्या मावशींनी दाखवलं: आधी दगड, मग गवताची ढेकळं, मग हाताने चिखल चढवायचा आणि पायाने दाबत लिंपत जायचं. याने आयुष्यात भांडं घासलेलं नसेल, पण बांध असा लिंपला की मावशींनी पुढचं तोंडसुख घेणं थांबवलं. मी ढेकळं आणून देत होतो. वीस-पंचवीस मिनिटं गेली, पाच-सहा जोड्या पुढे गेल्या. दोघं एकत्रच होतो, त्यामुळे दंड मात्र नाही.

निघताना तो म्हणाला, "दाजी, काल तुम्ही ब्रेक नसताना उतरलात ना, मला वर बघून पोटात गोळा आला होता." कालपासून गप्प होता तो यासाठी. मला वाटत होतं दंडासाठी.

चौथा दिवस फार नाही सांगण्यासारखा. कोतूळहून ब्राह्मणवाडा, ओतूर. एका ओढ्याला पाणी चढलं म्हणून आयोजकांनी अर्धा मार्ग रद्द केला आणि डांबरी रस्त्याने पाठवलं. काहीजण चिडले. मी मनातून सुटलो. ओतूरला मिसळ खाल्ली, टेम्पोत सायकली टाकल्या आणि माळशेजमार्गे घरी.

कंपाउंडमध्ये सायकल धुतली तर वॉचमन म्हणाला, साहेब, शेत आणलंत काय. तळमजल्यावरच्या काकूंनी बुटांच्या वासाची तक्रार केली आहे. आणि घरी टेबलावर तुझं पार्सल पडलेलं. सिंटर्ड पॅडच्या दोन जोड्या, मी निघालो त्या दुपारी आलेल्या. शिव्या घालायच्या असतील तर आता घाल, मी फोन उचलीन.

गुडघ्याचे व्यायाम टाळू नकोस. पुढच्या वेळी तू आणि मी असलो तर मेहुणा म्हणतोय, तो रद्दीचा गठ्ठा घेऊन जीपमधून येतो. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
पक्या

ता. क. पॅडल फिरवलं की बीबीतून, म्हणजे पॅडलच्या दांड्यांमधल्या बेअरिंगमधून, वाळू दळल्यासारखा आवाज येतोय. सायकल मुळात तुझी, तेव्हा माप तुलाच माहीत असणार. ६८ मिलिमीटर की ७३? लगेच कळव, मंगळवारी दुकानात जायचंय.