जुने संगणक निर्लेखित करण्याआधी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत वर्तमानपत्राच्या घडीतून घरोघर जी पत्रके येतात, त्यांत ‘विंडोज १० बंद झाले, जुना संगणक द्या आणि नवा न्या’ अशा आशयाचे एखादे पत्रक हमखास असते. व्यापाऱ्याने व्यापार करावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण या पत्रकांमुळे जो समज पसरला आहे, त्याच्या आधारावर शाळा, वाचनालये आणि पतसंस्था जुने संगणक मोडीत काढण्याचे ठराव करू लागल्या आहेत, म्हणून हे पत्र.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हे खरे आहे. त्या दिवशी संगणक बंद पडले, असे मात्र नव्हे. सुरक्षेतील त्रुटी बुजवणाऱ्या मोफत दुरुस्त्या नेहमीप्रमाणे येणे थांबले, एवढाच त्याचा अर्थ. घरगुती वापरकर्त्यांसाठी तर कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्यांची सोयही ठेवली. खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, किमान ४ जीबी रॅम लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेला, कालपर्यंत निमूटपणे काम करणारा संगणक या चाळणीतून बहुधा खाली पडतो. त्याचा पंखा, त्याची डिस्क, त्याचा मदरबोर्ड यांतले काहीही बिघडलेले नसते.

मी ज्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, तिथे असे सहा संगणक होते. २०१० च्या सुमारास देणगीतून आलेले, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचे, प्रत्येकी २ जीबी रॅमचे. त्यांवर आधी विंडोज ७ होते, नंतर मोफत मिळत होते तेव्हा विंडोज १० घातले गेले, आणि तेव्हापासून सकाळी बटण दाबून ग्रंथपालबाई चहा घेऊन आल्या तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. गेल्या दिवाळीनंतरच्या सभेत हे सहाही संगणक जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित करावेत, म्हणजे निरुपयोगी ठरवून नोंदीतून कमी करावेत, असा विषय आला. सोबत नव्या संगणकांचे दरपत्रक होते आणि त्याचा आकडा आमच्या वर्षभराच्या ग्रंथखरेदीपेक्षा मोठा होता. अनुदान दोन हप्त्यांत आणि आपल्या सवडीने येते, हे ज्यांनी वाचनालय चालवले आहे त्यांना सांगायला नको. मी एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात आम्ही या संगणकांवर लिनक्स बसवले. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी, कोणालाही मोफत वापरता येणारी मुक्त प्रणाली. ‘लिनक्स म्हणजे इंजिनिअर लोकांचे काहीतरी’ अशी जी समजूत आहे, तिच्यासाठी थोडे विषयांतर करतो. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर घडले, ती युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागली, आणि त्यासाठी त्यांना मिळालेले पीडीपी-७ हे यंत्र तेव्हाच जुने झालेले, फारसे कोणी वापरत नसलेले असे होते. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीच्या प्रणालीचा गाभा आपल्या घरच्या, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी लिहिला. थोडक्यात, अपुऱ्या यंत्रावर निभावून नेणे ही या घराण्याची जुनी रीत आहे.

आम्ही लिनक्सची डेबियन ही आवृत्ती निवडली आणि तिच्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला. निवड करताना पहिला प्रश्न आला तो ३२ बिट की ६४ बिट हा, म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढी माहिती हाताळतो हा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी स्थापनेची सोय बंद केली आहे, त्यामुळे आमचे काम होणार नाही असे गावातल्या एका जाणत्याने छातीठोकपणे सांगितले. संगणकाच्या माहितीच्या पानावरही ‘३२ बिट’ असेच दिसत होते. पण ते वर्णन त्यावर घातलेल्या विंडोजचे होते, प्रोसेसरचे नव्हे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४ बिटचाच असतो. त्या काळी रॅम कमी म्हणून दुकानदार सर्रास ३२ बिटचे विंडोज घालून देत, आणि तीच समजूत पंधरा वर्षे चालत आली. खरोखरच ३२ बिटचा प्रोसेसर असेल, तर डेबियन १२ वापरता येते आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. पण त्या यंत्रांवर आता ब्राउझरच नीट मिळेनासे झाले आहेत, तेव्हा त्यांच्या नादी लागू नये असे माझे मत आहे.

पेनड्राइव्हवर स्थापनेची प्रतिमा (प्रणाली बसवण्याची संपूर्ण फाइल) लिहून, संगणक सुरू होताना आमच्या यंत्रांवर एफ १२ ची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा, इथपर्यंतचे काम नववीतला मुलगाही करतो. जपायचे ते डिस्कच्या विभागणीच्या पडद्यावर. आपल्याकडे ‘सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी डी ड्राइव्हला काही होत नाही’ हे वाक्य संगणक दुरुस्त करणाऱ्यांनी इतक्यांदा ऐकवले आहे की सारा संसार डी ड्राइव्हमध्ये ठेवण्याची रीतच पडली. लिनक्सचा स्थापक जेव्हा ‘संपूर्ण डिस्क वापरा’ असा पर्याय देतो, तेव्हा त्याच्या लेखी सी आणि डी असा भेद नसतो. दोन्ही एकाच डिस्कवर असतात आणि दोन्ही जातात. हे मला पुस्तकी माहीत होते. तरीही तिसऱ्या संगणकावर, बाकीच्यांची नक्कल काढली म्हणजे याचीही काढली असेल अशा गुर्मीत मी पुढे गेलो, आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनाची चार वर्षांची छायाचित्रे गेली. ती अजून सापडलेली नाहीत. कार्यकारिणीपुढे हे मी सांगितले आहे, इथेही सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट गमतीची आहे. सहापैकी दोन संगणक ‘इंटरनेट चालत नाही’ या शेऱ्यासह कोपऱ्यात झाकून ठेवले होते, आणि त्यांचा मदरबोर्ड गेल्याचे निदानही झालेले होते. उघडून पाहिले, तर घड्याळाला वीज पुरवणारा नाण्याएवढा सेल संपला होता. संगणक बंद केला की तारीख मागे जाऊन २००९ वर थांबे, आणि २००९ सालात बसलेल्या यंत्राला आजच्या संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नसल्यामुळे ब्राउझर एकही पान उघडू देत नसे. सीआर २०३२ हा सेल गावातल्या घड्याळजीकडेही मिळतो. सहावा संगणक मात्र खरोखरच गेलेला होता; त्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याशी फुगले होते. त्याची रॅम काढून दुसऱ्याला लावली, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणखी काही वापरलेल्या पट्ट्या आणल्या, आणि ग्रंथपालबाईंच्या संगणकाला तेवढी नवी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क घेतली. अतिशयोक्ती न करता सांगायचे, तर एसएसडीने जो फरक पडला तो दुसऱ्या कशानेही पडला नाही.

मराठीचे काय, हा प्रश्न सभेत सर्वांत आधी विचारला गेला होता आणि तो रास्त होता. डेबियनच्या चित्रमय स्थापकात भाषा म्हणून मराठी निवडता येते. भाषांतर अधूनमधून ताठर आहे, पण काम अडत नाही. मराठी टंकनाचा इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो, तो चालू करायला काही उतरवून घ्यावे लागत नाही. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी मराठी, स्वच्छ उमटते. अडचण आली ती जुन्या कागदपत्रांची. युनिकोड रुळण्याआधी वापरात असलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली इतिवृत्ते नव्या संगणकावर उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. हा दोष लिनक्सचा नाही. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही संगणकावर हेच दिसते. त्या फायलींचे रूपांतर करत बसणे हे वेगळे आणि कंटाळवाणे काम आहे, आणि आमचे ते अर्धेच झाले आहे.

सगळेच सुरळीत झाले, असे दाखवण्याचा माझा हेतू नाही. आमचे हिशेबनीस ज्या लेखा-सॉफ्टवेअरवर ताळेबंद करतात, ते विंडोजसाठीच बनवलेले आहे. डिजिटल स्वाक्षरीसाठी जे पेनड्राइव्हसारखे टोकन लावतात, त्याचाही तसाच अनुभव आला. म्हणून चालू पाचांपैकी एक संगणक विंडोजवरच ठेवला, त्यावर इंटरनेटचा वापर कामापुरता केला, आणि पुढेमागे एकच नवा घ्यायचा झाला तर तो याच्या जागी घ्यावा असे ठरवले. छोट्या लेझर प्रिंटरने दोन संध्याकाळी खाल्ल्या. हा प्रिंटर दर वेळी सुरू झाला की आपले फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारी आतली आज्ञावली, संगणकाकडून मागून घेतो, आणि ते त्याच्या कंपनीचे स्वतंत्र प्लगइन उतरवल्याशिवाय मिळत नाही, एवढे उमगायला वेळ गेला. शिवाय २ जीबी रॅमवर प्रणाली हलकी चालते म्हणून ब्राउझरही हलका होत नाही. आजची संकेतस्थळेच जड आहेत. चार-पाच टॅब उघडले की जुन्या यंत्राला धाप लागते. ४ जीबीवर ती पुष्कळ कमी होते.

उरलेल्या चार संगणकांवर आज अभ्यासिकेतली मुले लोकसेवा आयोगाचे अर्ज भरतात, प्रवेशपत्रे छापतात, शिष्यवृत्तीची माहिती पाहतात आणि शेतकरी सातबारा काढून नेतात. ही सारी कामे ब्राउझरमधली आहेत. खाली कोणती प्रणाली आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विचारले.

यात आम्ही काही नवे केले, असेही नाही. केरळमधील सरकारी आणि अनुदानित शाळांच्या संगणकशाळा गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आहेत. तिथे एक स्वतंत्र शासकीय यंत्रणा शाळांसाठीची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना त्यावर प्रशिक्षण देते. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेनेही ‘बॉस’ ही भारतीय भाषांसह चालणारी लिनक्स प्रणाली तयार केलेली आहे. आपल्याकडे मात्र मुलगा शाळेत, वर्गात आणि परीक्षेत एकाच कंपनीची प्रणाली पाहतो आणि तीच म्हणजे संगणक असे धरून चालतो, त्यामुळे ती संपली की संगणकही संपला, हा निष्कर्ष त्याला आणि त्याच्या पालकांना स्वाभाविक वाटतो.

माझी मागणी लहान आहे. शाळा, ग्रंथालये आणि ग्रामपंचायती यांचे संगणक निर्लेखित करताना जो प्रस्ताव पाठवला जातो, त्यात ‘कालबाह्य’ हा शब्द लिहून भागते. त्याऐवजी यंत्रातला कोणता भाग नादुरुस्त आहे, ते लिहिणे बंधनकारक करावे, आणि भाग नादुरुस्त नसेल तर मुक्त प्रणाली बसवून पाहिल्याचा शेरा मागावा. पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. या चाचणीला अर्धा तास लागतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि ते आवश्यकच आहेत, परंतु त्यांचा संबंध यंत्र कचरा झाल्यानंतर येतो. ते कचरा आहे की नाही हे आज एका पत्रकावरून आणि एका दरपत्रकावरून ठरत आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांनी आपापल्या स्तरावर एवढी एक ओळ परिपत्रकात घातली, तरी पुरे.

आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत दोन महाविद्यालयीन मुले हे काम शिकवतात. आसपासच्या गावांतून संगणक घेऊन लोक येऊ लागले आहेत. येताना ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणावा, आणि डी ड्राइव्हची नक्कल घरीच काढून ठेवावी. ती काढली आहे का, हे मुले आता दोनदा विचारतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खटाव, जि. सातारा