कोंबडीवरून लागलेला टॅरिफ अजून चालूच आहे

मा. संपादक, स.न.वि.वि.

युरोप-अमेरिका ट्रेड डीलचा विषय निघाला की एकच सूर ऐकू येतो, ट्रम्प आहेत तोवर युरोपच्या मालावर अमेरिकेचा १५ टक्के टॅरिफ (आयात कर) सोसायचा, मग सगळं पहिल्यासारखं होईल. मला नाही पटत. दोस्तांनी एकमेकांवर लावलेला टॅरिफ एकदा बसला की निघता निघत नाही.

साठच्या दशकात अमेरिकेची स्वस्त फ्रोझन कोंबडी पश्चिम जर्मनीत धो धो यायला लागली, तिथले शेतकरी बोंबलले, आणि १९६२ ला युरोपच्या कॉमन मार्केटने (आजच्या युरोपियन युनियनचं आधीचं रूप) तिच्यावर जबर ड्युटी बसवली. त्याचा वचपा म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच बनणारा पदार्थ), ब्रँडी आणि छोटे ट्रक यांच्यावरची ड्युटी वाढवली, ट्रकवर तर २५ टक्के लावले, त्यात खरा नेम फोक्सवॅगनच्या व्हॅनवर. बाकीच्यांचं पुढे सुटलं, ट्रकवरचा कर साठ वर्षांनीही तसाच, कारण त्याच्या आडोशाला अमेरिकन पिकअपवाले मस्त पोसले, आता तो काढायचं नाव कोण घेणार? गंमत बघा, फोर्ड तर अमेरिकेचीच कंपनी, पण ती तुर्कीत बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅनला मागे सीट बसवून पॅसेंजर गाडी म्हणून अडीच टक्क्यांत आणायची आणि अमेरिकेत बाल्टिमोरला उतरली की सीट काढून मालवाहू व्हॅन करून टाकायची! २०२४ ला ३६.५ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

आता टर्नबेरीचं डील. जुलै २०२५ ला स्कॉटलंडमध्ये ट्रम्पच्याच गोल्फ रिसॉर्टवर जाऊन युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायननी हात मिळवला, ३० ची धमकी होती त्यात १५ वर भागलं याचंच समाधान, स्टीलवरचे ५० टक्के तसेच राहिले. वर तीन वर्षांत ७५० अब्ज डॉलरचं तेल, गॅस वगैरे घेऊ असं कबूल केलं, अहो पण गॅस विकत घेतात कंपन्या, ब्रसेल्सचं कमिशन थोडंच घेतं, तेव्हा ती बोलाचीच कढी. १५ टक्के मात्र ऑगस्ट २०२५ पासून रोख वसूल व्हायला लागले. युक्रेनसाठी अमेरिकेची शस्त्रं लागतात, अडला हरी, हे समजू शकतो. पण तात्पुरतं कशाच्या जोरावर म्हणायचं? २०१८ ला ट्रम्पनी युरोपच्या स्टीलवर लावलेले २५ टक्के बायडेन आल्यावरही सरळ उठवले नव्हते, कोटा ठरवून तेवढ्याच मालाला सूट दिली, आणि ते तर युरोपचे मित्र म्हणवत होते.

आपला,
एक वाचक, नाशिक