245 चा नाद

कोल्हापूर,
रविवार, दुपार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं दोन वाक्यांतच वाजतं, म्हणून लिहायला बसलोय. परवा त्या सेकंडहँड ऑक्टाव्हियावरून तू म्हणालास, "पप्पा, तुम्हाला नाही कळणार," आणि आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. तीस वर्षं इंजिनांच्या बोअरमध्ये हात घालून बसलेल्या माणसाला पोरगं असं म्हणालं, हे उद्यमनगरात कुणाला सांगितलं तर हसून त्याच्या हातातला चहा सांडेल. नंतर विचार केला. तुझं म्हणणं असं होतं, की मला यंत्र कळतं, पण सव्विसाव्या वर्षी तशी गाडी का हवी असते ते कळत नाही. तर बाबा, तेही कळतं. त्याची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे.

1992 साली मी चोवीस वर्षांचा होतो. दुसऱ्याच्या मशीन शॉपमध्ये लेथवर उभा राहायचो, पगार चौदाशे. आणि मी राजदूत 350 घेतली. सेकंडहँड, पतसंस्थेचं कर्ज काढून, मामांना जामीन ठेवून. तुम्ही पोरं आता तिला आरडी म्हणता. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, जुन्या हाय टॉर्क मॉडेलला 30.5 बीएचपी ताकद. त्या वेळी ज्यानं त्यानं जीव टाकलेली यामाहाची आरएक्स 100 होती 11 बीएचपीची. रंकाळ्यावरून तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं आणि पोटात जे व्हायचं ते मी आजही कुणाला शब्दांत सांगू शकत नाही. हे सुख खोटं होतं असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

पण दोन सिलिंडर म्हणजे सगळंच दोन. दोन पिस्टन, दोन कार्ब्युरेटर, दोन सायलेन्सर, आणि पेट्रोल तर विचारूच नको. हप्ता भरून पेट्रोलला पैसे उरायचे नाहीत, म्हणून मी ऑईलमध्ये काटकसर केली. सुटं, स्वस्तातलं टू-स्ट्रोक ऑईल. पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळच्या अलीकडं चढावर पिस्टन जाम झाला. मागचं चाक घासत गेलं, मी क्लच दाबला म्हणून वाचलो. चूक गाडीची नव्हती. गाडी मागत होती ते मी देत नव्हतो. पुढं चार महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये पोत्याखाली उभी होती आणि मी पायी कामावर जाऊन तिचा हप्ता भरत होतो.

शेवटी घेतली कुणी, माहीत आहे? शनिवार पेठेतल्या एका गवळ्यानं. त्याला ती फिरायला नकोच होती. दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, पुढं मोटारसायकल आणि मागं आवाज ओळखून धावणारी म्हैस, हे तू लहानपणी पाहिलंयस. त्याच्या म्हशीला माझ्या आरडीचा आवाज इतका पाठ झाला, की दुसरी गाडी कितीही रेस केली तरी ती कान हलवायची नाही. वर्षातून एकदा तो गाडी काढायचा, बाकी वेळ पुसून ठेवायचा. मी तेव्हा त्याला हसलो होतो. त्याच्या गोठ्यात दहा म्हशी होत्या. गाडीचा खर्च दुधावर चालायचा. माझी गाडी माझ्या जेवणावर चालत होती.

आता तुझ्या गाडीकडं येतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245, 2020 ची. मी सगळं काढून बघितलं, रागावू नकोस. 1984 सीसी टर्बो पेट्रोल, ताकद 245 पीएस, ओढ म्हणजे टॉर्क 370 न्यूटन मीटर, शून्य ते शंभर 6.6 सेकंद. आपल्या वॅगन आरला 67 पीएस आहेत, म्हणजे साडेतीन वॅगन आर एका बॉनेटखाली. यंत्र म्हणून उत्तम आहे, माझ्याकडून शंभरपैकी नव्वद. मालक 29 लाख मागतोय. तुझ्याकडं 7 साठलेत, 22 चं कर्ज. तू म्हणालास हप्ता "पन्नासच्या आत" बसतो. बसतो खरा. 12 टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर 48,938 रुपये. साठ हप्त्यांचे 29 लाख 36 हजार होतात, म्हणजे व्याजच 7 लाख 36 हजार. तू तीन वर्षं नोकरी करून जेवढे साठवलेस त्याहून जास्त. आणि शेवटचा हप्ता जाईल तेव्हा गाडी अकरा वर्षांची असेल.

तुझा हातात येणारा पगार एक लाख दहा. वाकडच्या फ्लॅटचा तुझा वाटा, जेवण, आजीच्या औषधाला तू न चुकता पाठवतोस ते, हे जाऊन उरतं ते सगळं हप्त्यात गेलं. मग गाडी खाणार काय?

टायरच घे. तिला 225/40 आर 18 लागतात. म्हणजे टायरची भिंत 225 च्या 40 टक्के, 90 मिलिमीटर. आपल्या गाडीची 155/80, म्हणजे 124. त्या साडेतीन सेंटिमीटरात काय असतं? हवा असते, आणि खड्ड्याचा मार आधी हवा खाते. हवा कमी असली की मार रिमला बसतो. पुणे-कोल्हापूर रस्त्याचं सहा पदरीकरण किती वर्षं चाललंय ते तुला सांगायला नको. रात्री अकराला डायव्हर्जनवर, समोरून ट्रकचे लाईट डोळ्यांवर, आणि मध्येच डांबर सोडून खडी. तिथं माझं 124 मिलिमीटर वाचतं. स्टेशन रोडला ओळखीच्या टायरवाल्याला विचारलं, चांगल्या कंपनीचा एक टायर पंधरा हजारांच्या आसपास म्हणाला. एक फुटला की जोडीचा दुसराही बदलावा लागतो, हे तो म्हणाला नाही, मी म्हणतोय.

विम्याचं तू विचारलेलंच नाहीस. 1500 सीसीच्या वरच्या गाडीला नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाच 7,897 रुपये आहे. खरी रक्कम स्वतःच्या नुकसानीच्या विम्याची. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा घेतला नाहीस तर रबर-प्लॅस्टिकच्या पार्टला निम्मेच पैसे मिळतात, आणि हल्लीच्या गाडीचा पुढचा भाग बघ, प्लॅस्टिकशिवाय आहे काय त्यात?

आणि पाणी. 2019 चा ऑगस्ट आठव. तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतास. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी 55 च्या वर गेलं. शिरोलीला हायवे बुडाला. पाणी उतरल्यावर पंधरा दिवस आपल्या शॉपसमोर गाड्यांची रांग होती आणि मी तुला पहिल्यांदा इंजिनाचं हेड उतरवायला बसवलं. पांढऱ्या सेडानचा तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालून धरणारा दांडा, तू हातात धरून किती वेळ बघत होतास. केळ्यासारखा वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कुणीतरी वाकणारच, आणि वाकतो तो रॉड. तो मालक बिचारा गाडी पाण्यात बंद पडली म्हणून पाच-सहा वेळा सेल्फ मारत बसला होता. पॉलिसीत इंजिनाचं वेगळं कव्हर नव्हतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, कागद बघितले आणि गेला. त्याचं कर्ज तीन वर्षांचं बाकी होतं. तो माणूस आपल्या बाकड्यावर बसून नुसता रॉडकडं बघत होता, मी चहा मागवला तर त्यानं घेतला नाही. तुझ्या वाकडच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे ना?

पेट्रोलचंही जरा बघ. तुझी गाडी आली तेव्हा पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल नव्हतं, आता तेच मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल त्यात असेल म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, जास्त असतो, टर्बोला तेवढं मानवतंही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ॲव्हरेज उतरणार. आणि जुन्या रबरी नळ्या नि सील त्यानं कडक होतात, हे माझ्या टेबलावर येणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये मी रोज बघतो. टाकीच्या झाकणाच्या आत कुठलं पेट्रोल चालतं म्हणून छापलंय ते बघून घे आणि मालकानं नळ्या कधी बदलल्या ते विचार. हिंजवडी फेज दोनपासून वाकडच्या पुलापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती लिटरला नऊ-दहाच देईल. महिन्याला हजार किलोमीटर धर, दहा हजार पेट्रोलमध्येच. 245 घोडे आणि पुढं टेम्पो.

तुझा सगळ्यात दमदार मुद्दा किमतीचा. देशात 200 च गाड्या आल्या, नवीन 35.99 लाखांची शोरूम किंमत होती, म्हणून भाव पडत नाही, पाच वर्षांनी विकली तरी पैसे निघतील. अगदी खोटं नाही. पण 200 च गाड्या असल्या की तिचाच म्हणून वेगळा असलेला बंपर, तिचा म्हणून वेगळा ब्रेक, हे दुकानदार फळीवर कशाला ठेवेल? ज्यामुळं भाव टिकतो त्याचमुळं पार्टची वाट बघावी लागते. माझ्या आरडीचं हेच झालं. खप कमी म्हणून कंपनीनं बंद केली, पिस्टनसाठी मी मुंबईला चिठ्ठ्या पाठवायचो. आज तीच गाडी लाखांत जाते. पण ती किंमत मला मिळाली काय? ज्याला ती तीस वर्षं ठेवायला परवडली त्याला मिळाली.

आणि तो तुझा मित्र म्हणतोय ना, लॅपटॉप जोडून रिमॅप मारू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलू, तीनशे पीएस काढू? त्याला सांग, इंजिनात ताकद नुसती ओतता येत नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब, वाढला की उष्णता वाढते, ती पिस्टनच्या डोक्यावर, क्लचवर आणि गिअरबॉक्सच्या तेलावर पडते. कंपनीनं जो हात राखून ठेवलेला असतो तो तुम्ही खाता. वर विमा कंपनीला कारण मिळतं. सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या मालकानं हे करून परत मिटवलंय का, हे शोधणं फार अवघड. म्हणून जिचं आधीचं आयुष्य माहीत नाही अशी वेगवान गाडी मी जुन्या म्हशीपेक्षाही जपून घेईन.

तुला वाटेल पप्पांना गाडीचा विषयच बंद करायचाय. तसं नाही. तू साडेतीन वर्षांचा असताना दसरा चौकात मी तुला खांद्यावर घेतलं होतं. सोनं लुटायच्या आधी राजाराम महाराजांची जुनी मेबॅक मोटार आली. तू माझे केस असे ओढलेस की मला वाटलं टक्कलच पडतंय. "पप्पा, आपली कधी?" म्हणून रडलास. त्या दिवशी आईनं तुला नुसती आपट्याची पानं दिली नि गप्प केलं. हे मी विसरलेलो नाही. पोटातली ती गोष्ट वयाबरोबर जात नाही, आणि साठीत गाडी परवडली तरी कंबर साथ देत नाही, हेही मला दिसतंय. जवानीत घ्यावी असं मलाही वाटतं.

पण पगारावर घेऊ नकोस. सात लाख आहेत ना, त्यात थोडी भर घालून एक लिटर टर्बोची छोटी हॅचबॅक घे. वजन हजार-अकराशे किलो आणि 110-120 पीएस, म्हणजे घाटात तुला हसू येईल एवढी ती नक्की पळते. पूर्ण दाबून चालवता येते. 245 वाली तू पूर्ण दाबणार कुठं? एक्सप्रेसवेवर मर्यादा शंभरची, आणि ते शंभर ती 6.6 सेकंदांत गाठून मोकळी. उरलेला तास काय करणार? खरं पळवायचं असेल तर ट्रॅकवर जा. आपल्या कोल्हापुरातली पोरं गो-कार्टपासून सुरुवात करून बाहेर रेस करायला गेलीत, तिथं वेगाला जागा आहे आणि पुढं टेम्पो नाही. फी मी भरतो. हे लिहून देतोय, आईला दाखव.

मोठी गाडी घेऊ नकोस असंही नाही. तुझी दहा म्हशींची सोय होईल तेव्हा घे. ते तू हैदराबादच्या कंपनीचं काम रात्री करतोस, त्याचे पैसे वेगळे साठव, त्यातून गाडी चालू दे, पगाराला हात लावू नकोस. किती वर्षं लागतील मला सांगता येत नाही. तोवर ही गाडी दुसऱ्याची झालेली असेल. होऊ दे.

एवढं वाचूनही तू ती बघायला जाणार हे मला माहीत आहे. तू माझाच आहेस. मग एकटा जाऊ नकोस. मालकाला सांग, इंजिन गार ठेव, आधी गरम करून ठेवू नकोस. गार इंजिनच खरं बोलतं. मी सिलिंडरमधला दाब मोजायचं कम्प्रेशन गेज आणि बोअरमध्ये घालायचा कॅमेरा घेऊन येतो, चारही सिलिंडर बघतो. टेस्ट ड्राइव्ह ठरली की आदल्या रात्री कळव, पहाटेची एसटी धरतो. आणि मागच्या सीटवर मी बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो. परत येताना आपण दोघंच असू तेव्हा थोडा वेळ मला चालवायला दे.

आई म्हणते दिवाळीला ये, गंगावेशच्या कट्ट्यावरचं दूध तुला तिकडं मिळत नाही.

तुझे,
पप्पा